दुसरा पगार

नवरा-बायको दोघंही झेडपीत शिक्षक असले की आमच्या माण तालुक्यात त्यांना 'डबल इंजिन' म्हणतात. म्हणणाऱ्याच्या आवाजात थोडं कौतुक असतं आणि बरीचशी जळजळ असते. प्लॉट घेतला की डबल इंजिन, पोरगं लातूरला क्लासला पाठवलं की डबल इंजिन, दारात चारचाकी आली की मग तर विचारूच नका. माझे आई-वडील असंच डबल इंजिन होते. त्यामुळे आयर्लंडमधल्या लग्न झालेल्या शिक्षिकांवरच्या बंदीबद्दल वाचताना मी एका जागी थांबलेच, कारण तिथल्या शिक्षण खात्याने १९३० च्या दशकात सरकारी कागदावर जे मांडलं होतं ते जवळजवळ आमच्या पारावरचंच बोलणं होतं. खेड्यात शिक्षिकेचा नवराही शिक्षक असला, किंवा दुकानदार नाहीतर बरा शेतकरी असला, तर त्या घरात पैसा जास्त येतो आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या डोळ्यावर येतो. म्हणजे शेजाऱ्याला जळजळ होते म्हणून बाईने नोकरी सोडायची. आमच्याकडे निदान लोक चहा पितापिता जळतात, त्याचा नियम करत नाहीत.

तर नियम असा होता. १ जुलै १९३३ नंतर जी बाई प्राथमिक शिक्षिका म्हणून पात्र ठरेल तिने लग्न केलं की राजीनामा द्यायचा. हे १९३४ च्या ऑक्टोबरपासून लागू झालं. आधीपासून नोकरीत असलेल्यांना सूट होती, म्हणजे एकाच स्टाफरूममध्ये एक बाई मंगळसूत्र घालून (तिथे अंगठी म्हणू) वीस वर्षं शिकवतेय आणि शेजारच्या वर्गातली नवी बाई साखरपुडा झाल्याचं लपवत फिरतेय असं चित्र शक्य होतं. कल्पना आधीच्या सरकारच्या काळातच निघाली होती, पण अमलात आणली ती १९३२ मध्ये निवडून आलेल्या डी व्हॅलेरांच्या सरकारने, शिक्षणमंत्री टॉमस डेरिग यांच्या हातून. एका पक्षाने मांडायचं आणि विरोधातून सत्तेत आलेल्या दुसऱ्या पक्षाने गुपचूप तसंच पुढे न्यायचं, हे आपल्याला नवीन नाही.

कारणं काय दिली होती तर एकदम भरगच्च. लग्न झालेली बाई घर आणि शाळा दोन्हीकडे धड लक्ष देऊ शकत नाही, एकाचं तरी नुकसान होणारच. बाळंतपणामुळे रजा पडतात, शाळेचं वेळापत्रक विस्कटतं. तरुण शिक्षक बेकार बसलेत, त्यांना जागा मिळतील. आणि ते वर सांगितलेलं, दोन पगारांचं. आता यातली पहिली तीन कारणं सभेत उभं राहून सांगता येतात, टाळ्याही पडतात. चौथं कारण मात्र थोडं खासगीतलं आहे, आणि माझं मत विचाराल तर खरं तेच आहे. कारण घराची इतकी काळजी होती तर ज्या बायका दुसऱ्यांच्या घरी धुणं-भांडी करत होत्या, शेतात राबत होत्या, त्यांच्याही लेकरांची काळजी व्हायला हवी होती ना. त्यांना कोणी घरी बसवलं नाही. घरी बसवलं ते चांगला, ठरलेला, पेन्शनचा पगार असलेल्या बाईला. मोलकरणीचा पगार कुणाच्या डोळ्यावर येत नाही.

शिक्षकांची संघटना, आयएनटीओ, याच्या विरोधात होती. त्यांचा एक मुद्दा मला फार आवडला, की या देशात आधीच लोक लग्नं करत नाहीत, उशिरा करतात, निम्मी तरुण मंडळी बोटीत बसून निघून जातात, आणि तुम्ही लग्न करणाऱ्या मुलीलाच दंड लावताय. चर्चच्या देशात सरकार लग्नाच्या विरोधात नियम करतंय असं त्यांनी बरोबर त्यांच्याच भाषेत सुनावलं. उपयोग झाला नाही. उलट १९३७ मध्ये आयर्लंडची नवी राज्यघटना आली आणि तिच्यात ४१.२ कलम बसलं. बाईचं घरातलं आयुष्य हा देशाला आधार आहे आणि पैशाच्या गरजेपोटी आयांना घरची कर्तव्यं बाजूला ठेवून कामाला जावं लागू नये असा राज्य प्रयत्न करेल, असा त्याचा आशय. वाचायला किती छान वाटतं. पैशाच्या गरजेपोटी जावं लागू नये! म्हणजे राज्य त्या आईला पैसे देणार होतं का, तर छे. राज्य फक्त तिची नोकरी काढून घेणार होतं, गरज तिची तिने बघायची. (हे कलम अजून तिथेच आहे बरं का. ८ मार्च २०२४ ला, म्हणजे मुद्दाम महिला दिन गाठून, ते बदलायला सार्वमत घेतलं आणि जवळपास ७४ टक्के लोकांनी नाही म्हटलं. नाही म्हणणारे सगळे जुन्या विचाराचे होते असं नाही, नव्या मजकुरात घरात सेवा करणाऱ्यांची जबाबदारी सरकार नीट घेत नाही म्हणूनही बऱ्याच जणांनी विरोध केला. पण ते वेगळंच प्रकरण.)

माझी मावसबहीण डब्लिनच्या बाहेर राहते. तिच्या गल्लीत एक नव्वदीच्या आसपासच्या बाई आहेत, १९५० च्या दशकात त्या शिक्षिका होत्या. बहिणीने मला फोनवर सांगितलेली त्यांची हकीकत अशी, की लग्नाच्या आधी राजीनामा दिला, शाळेत छोटासा निरोप समारंभ झाला, सगळ्यांनी अभिनंदन केलं, आणि वर्ष व्हायच्या आत त्याच शाळेतून निरोप आला की एक बाई आजारी आहेत, काही महिने बदलीवर येता का. गेल्या त्या. तेच फळे, तीच पोरं, फक्त आता कायम नाही, पगारवाढ नाही, सुट्टीतले पैसे नाहीत. बहिणीने त्यांना विचारलं की तुम्हाला राग नाही आला का तर म्हणाल्या, तेव्हा नाही आला, पेन्शनचा आकडा बघितला तेव्हा आला.

हे एका बाईचं नाही, त्या काळात सर्रास चालायचं. लग्न झालेली बाई कायम नोकरीला चालत नव्हती पण बदलीवर चालत होती. म्हणजे लग्नाने तिला शिकवता येईनासं होत नव्हतं, तिची किंमत कमी करता येत होती. बाळंतपणाने वेळापत्रक विस्कटतं म्हणणाऱ्यांना दर दोन महिन्यांनी वेगळी बदली बाई आलेली चालत होती, तेव्हा नाही विस्कटत.

आणि खरी चीड येते ती पुढच्या गोष्टीची. १९४६ मध्ये डब्लिनच्या प्राथमिक शिक्षकांनी पगारासाठी संप केला, २० मार्चला सुरू झाला तो ऑक्टोबरअखेरपर्यंत, सात महिने. शेवटी आर्चबिशपांनी मध्यस्थी केली आणि हात हलवत सगळे कामावर गेले. त्या सुमाराला ज्या नव्या पगारश्रेण्या आल्या त्यात लग्न झालेल्या पुरुष शिक्षकाची श्रेणी वेगळी आणि वरची, आणि बिनलग्नाचे पुरुष नि बायका खालच्या श्रेणीत. आता बघा, एकाच शाळेत शिकवणाऱ्या दोघांनी समजा एकमेकांशी लग्न केलं तर एकाच दिवशी, एकाच चर्चमध्ये, एकाच पाद्र्यासमोर त्याचा पगार वाढणार आणि तिचा शून्य होणार. लग्न दोघांनी केलं, बिल एकीला आलं. आणि लिमरिकच्या मेरी इमॅक्युलेट किंवा डब्लिनच्या कॅरिसफर्टसारख्या कॉलेजात दोन-दोन वर्षं शिकून तयार झालेली ही बाई, आपल्या डीएड कॉलेजसारखंच म्हणा ना, तिला चार-पाच वर्षांत घरी पाठवून सरकारच पुन्हा दुसरीला शिकवायला घेणार.

मग हे थांबलं कसं? कुणाचं मन बदललं का? नाही. शिक्षक मिळेनात. पन्नाशीच्या दशकात मुलांची संख्या वाढली, तिथल्या शाळांमध्ये ट्रेनिंग न घेतलेले लोक शिकवायला लागले, ही बोंब वाढत गेली आणि १९५८ च्या जुलैमध्ये जॅक लिंच शिक्षणमंत्री असताना बंदी उठवली. (हे लिंच पुढे पंतप्रधान झाले, त्याआधी कॉर्कचे हर्लिंगचे मोठे खेळाडू होते.) घराचं नुकसान, वेळापत्रक, शेजाऱ्यांची जळजळ, पंचवीस वर्षं घासून गुळगुळीत झालेली सगळी कारणं एका उन्हाळ्यात गायब. पण गंमत म्हणजे सरकारी कचेरीतल्या बायकांवरची बंदी मात्र चालूच राहिली, थेट १९७३ पर्यंत. म्हणजे १९६० साली शाळेतली बाई लग्न करून बिनधास्त शिकवू शकत होती, पण शिक्षण खात्यात बसून तिच्या पगाराचे कागद करणारी क्लार्क लग्न करून खुर्चीत राहू शकत नव्हती. क्लार्क भरपूर मिळत होत्या, एवढाच फरक.

हे फक्त आयर्लंडचं मागासलेपण असं म्हणून कोणी नाक मुरडू नये. इंग्लंडात पहिल्या महायुद्धात पुरुष मास्तर लढायला गेले तेव्हा लग्न झालेल्या शिक्षिकांना या या म्हणून बोलावलं आणि लढाई संपून सरकारी खर्चाला कात्री लागली तशी जा जा सुरू झालं. आणि हे १९१९ चा कायदा असूनही, ज्यात स्पष्ट लिहिलं होतं की लिंग किंवा लग्न या कारणाने कुणाला सार्वजनिक कामासाठी अपात्र ठरवता येणार नाही. वेल्समधल्या ऱ्होंडा खोऱ्यात, कोळशाच्या खाणींचा भाग, तिथल्या कौन्सिलने लग्न झालेल्या शिक्षिकांना नोटिसा दिल्या, ५८ जणी कोर्टात गेल्या आणि १९२३ मध्ये हरल्या. मग पूल नावाच्या गावातल्या मिसेस शॉर्ट. त्या खालच्या कोर्टात जिंकल्या आणि वरच्या कोर्टात हरल्या. कौन्सिलचं म्हणणं दोनच ओळींचं होतं, की लग्न झालेल्या बाईचं पहिलं कर्तव्य घर आहे, आणि नोकरी शोधणाऱ्या इतक्या बिनलग्नाच्या मुली असताना हिला ठेवणं अन्यायाचं आहे. कोर्ट म्हणालं, कारण शिक्षणाशी संबंधित आहे, आम्ही मध्ये पडणार नाही.

याच निकालात एका न्यायमूर्तींनी, वॉरिंग्टन त्यांचं नाव, एक उदाहरण दिलं. समजा एखाद्या शिक्षिकेचे केस लाल आहेत म्हणून तिला काढून टाकलं, तर ते कारण इतकं खुळचट असेल की कोर्ट ते रद्द करेल. लाल केस हे खुळचट कारण, लग्न हे योग्य कारण! हे लाल केसांचं उदाहरण पुढे १९४७ च्या वेन्सबरी खटल्यात उचललं गेलं आणि सरकारी निर्णय कधी इतका अवाजवी ठरतो की कोर्टाने तो मोडावा, त्याची ती कसोटी होऊन बसली. आपल्याकडची कोर्टंसुद्धा वेन्सबरीचं नाव सारखं घेतात, लॉ कॉलेजच्या पोरांना तर तोंडपाठ असतं. माझ्या ओळखीच्या एका वकील मैत्रिणीला लाल केसांची शिक्षिका बरोबर माहिती होती. मिसेस शॉर्ट माहिती नव्हत्या. म्हणजे जी कधी अस्तित्वातच नव्हती ती शिक्षिका शंभर वर्षं टिकली आणि जिची खरोखर नोकरी गेली ती तळटीपेतसुद्धा नाही राहिली.

लंडन कौन्सिलने आपली बंदी १९३५ ला उठवली आणि १९४४ च्या शिक्षण कायद्याने केवळ लग्नामुळे शिक्षिकेला काढता येणार नाही असं सगळीकडेच केलं. तेव्हा पुन्हा महायुद्ध चालू होतं, हे वेगळं सांगायला नको. त्याच कायद्याच्या चर्चेत थेल्मा कॅझलेट-कीर या खासदार बाईंनी शिक्षक-शिक्षिकांना समान पगाराची दुरुस्ती आणली आणि ती एका मताने, ११७ विरुद्ध ११६, पास झाली. चर्चिल इतके भडकले की त्यांनी तो विश्वासदर्शक ठरावाचा प्रश्न केला आणि सभागृहाला ती दुरुस्ती परत पाडायला लावली. हिटलरशी लढता लढता माणूस मास्तरणींच्या पगारावर राजीनाम्याची धमकी देतो. बाईला नोकरीत राहू द्या, ठीक आहे, पण पूर्ण पगार? इंग्लंडमध्ये तो १९६१ ला कुठे पूर्ण झाला.

अमेरिकेचं थोडक्यात सांगते. तिथे एकच असा देशभराचा नियम नव्हता, गावोगावची स्कूल बोर्डं आपापलं ठरवायची. क्लॉडिया गोल्डिन, ज्यांना २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांनी जुन्या पाहण्यांमधून काढलेले आकडे आहेत. १९२८ ला ६१ टक्के बोर्डं लग्न झालेल्या बाईला नोकरीवर घ्यायची नाहीत, मंदीनंतर १९४२ मध्ये ८७ टक्के, आणि १९५०-५१ मध्ये फक्त १८ टक्के. हा आलेख नीतिमत्तेचा नाही हो, बेकारीचा आणि टंचाईचा आहे. मंदीत तर तिथल्या केंद्र सरकारनेच कायदा केला होता की कर्मचारी कमी करताना ज्यांचे जोडीदारही सरकारी नोकरीत आहेत त्यांना आधी काढा. कायद्यात बाई शब्द नव्हता. घरी कोण बसलं ते सांगायला हवं का, ज्याचा पगार कमी तो बसतो. डबल इंजिनमधलं दुसरं इंजिन.

आपल्याकडे मात्र गोष्ट उलटी सुरू झाली, हे मला नेहमी विचित्र वाटतं. सावित्रीबाईंचं लग्न १८४० मध्ये झालं आणि १८४८ मध्ये त्या भिडेवाड्यात शिकवत होत्या. आपल्या पहिल्या शिक्षिका विवाहित, आणि लग्नामुळेच शिकलेल्या. त्यांच्या अंगावर शेण-दगड आले ते बाई शिकवते आणि खालच्या म्हटलेल्या जातींच्या मुलींना शिकवते म्हणून, लग्न झालं असून शिकवते म्हणून नाही. पण पुढच्या पन्नास-साठ वर्षांत पांढरपेशा घरांनी या नोकरीला एक कोपरा नेमून दिला. कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम १८९६ चा, मग हिंगणे, रमाबाई रानड्यांचं सेवासदन १९०९ चं. विधवांना पायावर उभं करायचं तर काय शिकवायचं, तर मास्तरीण किंवा नर्स व्हायला. फार मोठं काम होतं ते, त्याबद्दल शंकाच नाही. पण लोकांच्या डोक्यात त्यातून जे बसलं ते असं की जिला नवऱ्याचा पगार नाही तिने शिक्षिका व्हावं. नवरा असताना बाई नोकरीला जाते म्हणजे नवऱ्याला पुरत नाही की काय! माझ्या आजीने, वडिलांच्या आईने, सुनेच्या नोकरीबद्दल पहिली काही वर्षं हेच बोलून दाखवलं होतं. मग आईच्या सोसायटीच्या कर्जातून विहीर झाली आणि बोलणं बंद झालं.

आई झेडपीत लागली तेव्हा तिला लग्नावरून कुणी काही विचारलं नाही, तिच्या दोन बाळंतपणाच्या रजा पगारी झाल्या, आणि नंतर तर पती-पत्नी एकत्रीकरण म्हणून तिची बदली वडिलांच्या शाळेजवळ झाली. हा जो बदलीचा नियम आहे ना, नवरा-बायकोच्या शाळा शक्यतो जवळ असाव्यात, त्यावर झेडपीच्या मास्तर लोकांमध्ये केवढी भांडणं होतात ते ज्यांच्या घरात शिक्षक आहेत त्यांना माहितीये. ज्यांची जोडी नाही ते म्हणतात आम्ही काय पाप केलं, यांनी लग्न केलं म्हणून यांना सोयीची शाळा आणि आम्हाला डोंगरावर. त्यांचंही अगदीच चूक नाही. पण आयर्लंडचं वाचल्यावर मला ते भांडणसुद्धा जरा श्रीमंतीचं वाटायला लागलं.

अर्थात सरकारी शाळा म्हणजे सगळा देश नव्हे. मुंबईतल्या एका औषध कंपनीत पॅकिंग खात्यात नियम होता की मुलीने लग्न केलं की नोकरी संपली. युनियन कोर्टात गेली, प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि १९६५ मध्ये निकाल लागला, बॉम्बे लेबर युनियनचा तो खटला. कंपनी म्हणाली आमचं काम टीमचं आहे, लग्न झालेल्या गैरहजर राहतात. कोर्टाने साधं विचारलं, विधवा गैरहजर राहत नाहीत का, बिनलग्नाच्या राहत नाहीत का, फरक पडला तर बाळंतपणाच्या रजेचा, त्यासाठी चार जास्तीच्या मुली ठेवा. किती सरळ! ऱ्होंडाच्या ५८ जणींना असा न्यायाधीश मिळायला हवा होता. मग १९७९ मध्ये परराष्ट्र खात्याच्या मुथम्मा, ज्या बाईला लग्नासाठी सरकारची परवानगी मागायला लावणाऱ्या नियमाविरुद्ध कोर्टात गेल्या, आणि शेवटी लष्करी नर्सिंगमधल्या सेलिना जॉन, ज्यांना १९८८ मध्ये लग्नामुळे सेवेतून सोडण्यात आलं आणि ज्यांना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ६० लाख द्यायला लावले. ३६ वर्षांनी.

आता असा लेखी नियम कुणी करायला धजणार नाही. त्याची गरजही राहिली नाही. माझी भाची बीएड झालीये, खासगी इंग्लिश मीडियमच्या शाळांमध्ये मुलाखती देते. तिथे ऑर्डरच जून ते एप्रिल असते, लग्न झालं, दिवस गेले, तर काढायचं कशाला, पुढच्या जूनला बोलवायचं नाही. शाळेचं नाव घेत नाही, पण परवाच्या मुलाखतीत हिला पहिला प्रश्न विषयाचा होता आणि दुसरा, घरचे बघतायत का? तिसरा, मुलगा पुण्याचाच आहे ना? मी तिला म्हटलं, घरी आल्यावर कुणी काय विचारलं ते तारखेसकट लिहून ठेवत जा. ती म्हणाली मावशी लिहिते, पण आधी त्यांना हो म्हणून आले की पुण्याचाच आहे, कारण यंदा ते पगार अठरा हजार देतायत आणि मागची शाळा बारा देत होती.